तपासणी आणि चाचपणी

दौलताबादच्या किल्ल्यासमोर सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसतात. त्यांच्या पलीकडे गाड्या लावायची जागा आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे मी एका माणसाला मोटारसायकलच्या आरशात तोंड बघताना पाहिलं. एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्या हाताच्या बोटाने गाल बाहेर ओढलेला, मान तिरपी. आधी उजवा गाल, मग डावा, मग जिभेची कड, मग पुन्हा डावा. माझी चाहूल लागली तशी त्याने बॅटरी बंद केली आणि "नमस्ते बाई" म्हणाला. त्याचा मुलगा माझ्या वर्गात शिकलेला. चार वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या गालाचं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर शेक दिला होता. आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात. तंबाखू त्याने तेव्हाच सोडली. दर तपासणीला डॉक्टर सगळं ठीक असल्याचं सांगत होते.

मी विचारलं, "दिवसातून किती वेळा बघता?"

"मोजलं नाई बाई. आरसा दिसला की बघतो."

"आणि दिसतं काही?"

"दिसत नाई. बघितलं नाई तर चैन पडत नाई, आन बघितलं तरी पडत नाई."

त्याला चार शब्द सांगण्याचा अधिकार मला नव्हता. माझ्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि त्याच सकाळी अंघोळ करताना मी उजव्या काखेत इतकं दाबदाबून पाहिलं होतं की ती जागा दुखायला लागली. मग दुखतंय म्हणून मी घाबरले. ते दुखणं माझ्याच बोटांनी आणलेलं होतं, हे माझ्या ध्यानात यायला दुपार उजाडली.

तेव्हापासून मी दोन शब्द वेगळे ठेवायला शिकले. तपासणी आणि चाचपणी. तपासणीला तारीख असते, रीत असते आणि ती कुठे थांबते हे ठरलेलं असतं. ती झाली की माणूस हात धुऊन कामाला लागतो. चाचपणीला तारीख नाही आणि थांबणंही नाही. ती जितकी करावी तितकी आणखी करावीशी वाटते. उपचार संपवून घरी आलेल्या आणि आता दुसऱ्या कर्करोगाच्या धास्तीने जगणाऱ्या माणसांसाठी हे पुस्तक आहे. त्याची प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो या दोन शब्दांतला फरक सांगण्यासाठी.

आपल्या भाषेत भीतीच्या पायऱ्या फार नेमक्या आहेत. काळजी आपण करतो, भीती वाटते, धास्ती लागते आणि धसका बसतो. पहिल्या शब्दात माणूस स्वतः काहीतरी करत असतो, शेवटच्या शब्दात त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. गावात एखाद्याचं खाणंपिणं तुटलं, माणूस वाळत गेला की म्हातारी माणसं म्हणतात, "त्यानं धसकाच घेतला." आजारापेक्षा धसक्याने खचलेली माणसं मी पाहिली आहेत. धसक्याकडून काळजीपर्यंत परत येता येतं, आणि त्या परतीच्या वाटेचाच विचार या पुस्तकात केला आहे.

ही धास्ती तशी नवी आहे, कारण ती वाचलेल्या माणसांची आहे. आमच्या आईवडिलांच्या पिढीत कर्करोग म्हणजे देवगिरी एक्सप्रेसने रातोरात मुंबई गाठायची, परळच्या टाटा रुग्णालयात रांग लावायची आणि जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचं. गेलेला माणूस परत येईल, असं धरून कुणी चालत नसे. टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. औरंगाबादेत कर्करोगाच्या रुग्णांची नोंदणी १९७८ साली सुरू झाली, आणि शासकीय कर्करोग रुग्णालय शहरात यायला २०१२ उजाडलं. आता शेक घेऊन संध्याकाळच्या एस.टी.ने माणूस दौलताबादला घरी येतो. उपचार पुरे करून पाच, दहा, पंधरा वर्षं जगणारी माणसं आता आमच्याच गल्लीत आहेत. त्यांना वाचवायचं कसं, यावर वैद्यकाने पुष्कळ विचार केला. वाचल्यानंतर त्यांनी रात्री झोपायचं कसं, हा विचार उशिरा सुरू झाला.

अमेरिकेतल्या फिट्झह्यू मुलन या डॉक्टरांना ऐन तारुण्यात छातीत कर्करोग झाला. १९८५ साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की, रोगातून वाचणं ही एका दिवसात घडणारी गोष्ट नाही, तिचे ऋतू असतात. उपचार संपल्यानंतरचा ऋतू हा मुख्यतः भीतीचा असतो, आणि रुग्णालयाचा आधार नेमका त्याच वेळी सुटलेला असतो. त्याच्या चार वर्षं आधी कूचर आणि ओमॅली या दोघांनी लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या मुलांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच त्यांनी डोक्यावर केसाने टांगलेल्या तलवारीची ग्रीक गोष्ट घातली. मराठीत 'टांगती तलवार' आपण बदलीच्या ऑर्डरपासून कोर्टाच्या तारखेपर्यंत कशालाही म्हणतो. पण केमोच्या शेवटच्या सलाईननंतर नर्सने "आता परत यायचं नाही हं इथे" असं हसून म्हटलं, तेव्हा पायऱ्या उतरताना मला त्या शब्दाचा खरा अर्थ कळला. सहा महिने दर तीन आठवड्यांनी कुणीतरी माझं रक्त बघत होतं. आता कुणीच बघणार नव्हतं.

टाटा रुग्णालयात १९९१ साली उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. बरी झालेली मुलं तिथे वर्षानुवर्षं येत राहतात. उपचारांचे उशिरा दिसणारे परिणाम, त्यांत दुसरा कर्करोगही, यांवर तिथे नजर ठेवली जाते. अशी सोय प्रत्येक जिल्ह्यात आणि मोठ्या माणसांसाठीही हवी, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आता मूळ गोष्टीकडे येते. 'दुसरा कर्करोग' म्हणताना माणसं तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात, आणि निम्मी घबराट त्या गल्लतीतून येते. पहिल्याच गाठीच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढल्या, तर तो जुनाच रोग उलटला. त्याच पेशी हाडात किंवा फुप्फुसात जाऊन वाढल्या, तर जुनाच रोग पसरला. ज्याचा पहिल्या गाठीशी संबंध नाही, जो नव्या पेशीतून नव्याने सुरू झाला, तोच खरा दुसरा कर्करोग. कर्करोग नोंदणीतही त्याची वेगळी, नवी नोंद होते. तिन्हींचे उपचार वेगळे आणि भवितव्यही वेगळं. पुष्कळदा दुसरा कर्करोग लवकर सापडला तर पहिल्यासारखाच पूर्ण बरा होण्याजोगा असतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांना "पुन्हा झालं तर संपलंच" याखेरीज काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

तो होतो कशाने? आमच्या भागात पहिलं कारण तंबाखू. अमेरिकेतले डॉक्टर स्लॉटर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली तोंडाच्या गाठींच्या आजूबाजूची, डोळ्यांना चांगली दिसणारी त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ती जागोजागी बिघडलेली आढळली. शेतकऱ्याला हे पटकन समजतं: तण एकाच ठिकाणी उगवलं तरी बी सगळ्या वावरात पडलेलं असतं. एका गालाची गाठ काढली, तरी जीभ, घसा, अन्ननलिका या साऱ्यांनी तीच तंबाखू इतकी वर्षं सोसलेली असते. म्हणून तोंडाचा कर्करोग झालेल्यांना दुसरा, नवा कर्करोग होण्याचं प्रमाण इतरांहून जास्त, वर्षाला शंभरात साधारण दोन ते चार असं सांगितलं जातं. मोटारसायकलच्या आरशात बघणाऱ्या त्या माणसाची भीती निराधार नव्हती, हे मी आधी मान्य करते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे आमच्या शाळेतल्या सहावीतल्या पोरालाही माहीत असतं. ऑपरेशन झाल्यावर "आता काय उरलंय" म्हणून पुन्हा मळायला लागलेली माणसंही मी पाहिली, तेव्हा जीव तुटतो. तंबाखू सोडण्याने हा धोका कमी होतो, आणि उपचारानंतर स्वतःच्या हातात असलेली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे.

दुसरं कारण उपचारांचं. "शेकानेच दुसरा होतो म्हणे," हे वाक्य रांगेत बसलं की कानावर येतंच. त्यात तथ्य आहे, आणि ते लपवून ठेवण्याने कुणाचंच भलं झालेलं नाही. शेक दिलेल्या भागात पुढे नवी गाठ येऊ शकते. बहुधा दहा किंवा त्याहून जास्त वर्षांनी, आणि थोड्याच जणांना. काही केमो औषधांनी पुढच्या काही वर्षांत रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, तोही क्वचित. ज्या मुलींना हॉजकिन्स लिम्फोमासाठी कोवळ्या वयात छातीवर शेक मिळाला, त्यांना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच असतो. म्हणून त्यांच्या तपासण्या इतर बायकांपेक्षा कितीतरी लवकर सुरू करतात. टॅमॉक्सिफेनच्या गोळीने, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते. पाळी गेल्यावर एकदा जरी अंगावर लाल गेलं तरी लगेच दाखवायचं, हे ती गोळी देतानाच सांगायला हवं. मात्र हे सगळं वाचून शेक किंवा गोळी टाळणारीचं नुकसान फार मोठं होतं. समोर उभा असलेला रोग आणि वीस वर्षांनी कदाचित येणारा रोग यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

तिसरं कारण रक्तातून आलेलं. बीआरसीए नावाची दोन जनुकं १९९४ आणि १९९५ साली सापडली. त्यांत बिघाड असलेल्या घराण्यांत दुसऱ्या स्तनाचा आणि अंडाशयाचा धोका बराच जास्त असतो. आई, मावशी, बहीण अशी रांग असेल तर समुपदेशन घेऊन रक्ताची तपासणी करून घ्यावी. चौथं कारण निव्वळ वय, कारण जो जास्त जगतो त्याला कुठलाही आजार होण्याइतका काळ मिळतो.

आकडे मी मुद्दाम दिले, कारण मला ते कुणी दिले नव्हते. एका रुग्णालयात मी दुसऱ्या बाजूला होण्याची शक्यता विचारली तेव्हा डॉक्टर फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "नसते विचार करू नका." मी ते करत राहिले. मनातल्या मनात माझा आकडा शंभरात पन्नास होता, आज ना उद्या निघणारच असा. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून लिहिलं: दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग होण्याची शक्यता वर्षाला सुमारे दोनशे बायकांमागे एक, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्याहून कमी. दहा वर्षांचा हिशेब केला तरी साधारण वीसजणींमागे एक. तुमच्या घराण्यात कुणाला नाही, तेव्हा हाच आकडा धरा. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "नसते विचार करू नका" या वाक्याने जे झालं नाही ते एका आकड्याने झालं. भीती गेली नाही, पण तिची उंची ठरली. उंची ठरलेल्या भिंतीशेजारी राहता येतं.

आमच्या किल्ल्यात अंधारी आहे. खंदकावरचा पूल ओलांडला की डोंगराच्या पोटातून कोरलेला, वळत वळत वर चढणारा काळोखा मार्ग लागतो. शाळेच्या सहली घेऊन मी तिथून किती वेळा गेले असेन, गणती नाही. वाटाडे मुलांना मशाल विझवून दाखवत आणि सांगत, की शत्रू इथे शिरला की त्याला आपला हातही दिसत नसे, पायऱ्या लहानमोठ्या असत, वळणं फसवी असत, आणि घाबरलेले सैनिक चाहूल लागेल त्याच्यावर वार करत. मग कळे की मारला तो आपलाच. ते ऐकून मुलं किंचाळत. आजारातून उठल्यावर ती गोष्ट मला निराळी ऐकू यायला लागली. गुडघा कुरकुरला, पित्ताने पोट दुखलं, घशात खवखव झाली, की मी माझ्याच शरीरावर वार करत होते. साठ वर्षं बरोबर चाललेलं शरीर, त्यातला प्रत्येक आवाज शत्रूचा वाटायचा.

यातून मला बाहेर काढलं माझ्या मोठ्या बहिणीने, आक्काने. तिच्या वावरातली सीताफळं उतरवायला मी गेले होते. परत आल्यावर पाठीत मणक्याजवळ दुखायला लागलं. मी तेव्हाच ठरवून टाकलं की हाडात गेलं. कुणाला बोलले नाही. मिस्टरांना सांगितलं असतं तर "काही होत नाही गं" म्हणाले असते, मुलाने लगेच पीईटी स्कॅनची वेळ घेतली असती, सूनबाई रडली असती. पाच रात्री जागून काढल्यावर आक्काला फोन केला. तिने धीर दिला नाही. तिने विचारलं, "कधीपासून? नेमकं कुठं? आणि त्या दिवशी काय काय उचललंस?" मी सांगितलं: पाच दिवस, उजवीकडे, आणि भरलेली कॅरेट. ती म्हणाली, "मग तारीख लिही. तीन आठवडे बघू. वाढलं तर आधी जाऊ, नाही राहिलं तर तेव्हा जाऊ घाटीच्या दवाखान्यात, मी येते संगं." मी कालनिर्णयवर पेन्सिलने फुली मारली. बाराव्या दिवशी पाठ थांबली.

आक्का चौथी शिकलेली. पण तिने जे सांगितलं तेच डॉक्टर सांगतात. नवं दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं किंवा वाढत गेलं तर दाखवायचं. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायची. नवी गाठ, कुठूनही रक्त, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, या गोष्टींसाठी मात्र फुलीची वाट बघायची नाही. याखेरीजच्या साऱ्या बारीकसारीक तक्रारींना तारीख द्यायची आणि त्या तारखेपर्यंत त्यांना थांबायला लावायचं.

"काही होत नाही" या वाक्याबद्दल थोडं बोलायला हवं. ते प्रेमानेच म्हटलं जातं, पण त्याने माणूस एकटा पडतो. आमच्याकडे आजाराचं नावही घेत नाहीत, 'तसलं' म्हणतात. "तसलं काही नाही ना?" एवढंच. माझ्या घरात कर्करोगाची बातमी असलेलं वर्तमानपत्राचं पान गायब व्हायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते अतुल परचुरे गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी माझ्याबरोबर केमो घेतलेल्या तिघीजणींचे फोन आले. तिघींच्याही घरी टीव्ही बंद करण्यात आला होता. त्यांना टीव्ही बंद नको होता, त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं. अशा बातमीने वाटतं की आता आपली पाळी. २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले शरद पवार त्यानंतरची वीस वर्षं गावोगावच्या सभांत बोलत राहिले, हे मात्र अशा वेळी आठवत नाही. खरं तर दोन्हींपैकी एकही गोष्ट आपला रिपोर्ट नसते. घरच्यांना माझी विनंती एवढीच, की धीर देण्याची घाई करू नका. आक्काचे तीन प्रश्न विचारा.

दुसरं टोक जास्तीच्या तपासण्यांचं. पैसे असलेली माणसं दर सहा महिन्यांनी सगळं अंग स्कॅन करून घेतात, रक्तातले मार्कर बघतात. नसलेली कर्ज काढून करतात. इटलीत स्तनाचा कर्करोग झालेल्या १,३२० बायकांचे दोन गट करून केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, रक्त असं सगळं. दुसऱ्या गटाला डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी आणि लक्षण दिसलं तरच पुढचं. सुमारे सहा वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं, आणि जगण्याच्या सुखातही फरक नव्हता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका इटालियन अभ्यासातही जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणून स्तनाच्या कर्करोगानंतर काही लक्षण नसताना असे स्कॅन करू नयेत, असं आज तज्ज्ञ सांगतात. प्रत्येक कर्करोगाचा नियम वेगळा असतो. तो आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा: कोणती तपासणी, किती महिन्यांनी, किती वर्षं. हा कागद मिळवणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तो मागताना संकोच करू नये. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांकडे वेळ नसतो हे मला दिसतं. पण तो कागद लिहायला चार मिनिटं लागतात, आणि त्याने रुग्णाच्या कितीतरी रात्री वाचतात.

एवढं करूनही धास्ती हटत नाही अशी माणसं असतात. तेव्हा मनाच्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाणं हा उपचाराचाच भाग समजावा. ऑस्ट्रेलियातल्या फिलिस बुटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली २२२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच बैठकांत त्यांनी तीन-चार गोष्टी शिकवल्या. लक्ष आपल्या इच्छेने वळवायचा सराव. काळजी केल्यानेच आपण सुरक्षित राहतो हा समज सोडणं. योग्य तेवढी तपासणी. आणि आपल्याला आयुष्यात काय मोलाचं आहे ते ठरवून त्यासाठी वेळ देणं. नुसतं शरीर सैल सोडायला शिकवलेल्या गटापेक्षा या गटाची भीती जास्त कमी झाली आणि सहा महिन्यांनीही तशीच राहिली.

लक्ष वळवण्याचा सराव मी करते. संध्याकाळी ओट्यावर बसून आवाज वेगळे करायचे. वेशीच्या दरवाजात अडकलेल्या ट्रकचा हॉर्न. शेजारच्या कुकरची शिट्टी. किल्ल्याकडे परतणारे पोपट. एक मिनिट फक्त हॉर्न, मग फक्त पोपट, मग दूरचा कुठलातरी पंप. सुरुवातीला दहा सेकंदांत मन काखेत जाऊन पोहोचायचं. आता दोन मिनिटं बाहेर राहतं. काळजीलाही मी वेळ नेमून दिली आहे, साडेपाच ते सहा. पहाटे तीनला ती आली तर तिला संध्याकाळी ये म्हणते. संध्याकाळी ती येते, पण पहाटेइतकी मोठी नसते. जवळ कुणी समुपदेशक नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोनवर मराठीत बोलता येतं, आणि पैसे पडत नाहीत.

पुढच्या पानांवर डॉक्टरांनी, समुपदेशकांनी आणि आमच्यासारख्या माणसांनी आपापलं लिहिलं आहे. सलग वाचायची गरज नाही. रात्री अडीचला उघडलंत तर आकड्यांचं प्रकरण वाचू नका, अनुभवांचं वाचा. आकडे दुपारी, जेवणानंतर, कुणी शेजारी असताना वाचावेत. रिपोर्ट यायच्या आधीच्या दिवसांबद्दलचं प्रकरण मी दोनदा वाचलं. त्या दिवसांत वेळ कसा काढावा यावर मला कुणी काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मोटारसायकलवाल्याचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही दोघांनी मिळून एक दिवस ठरवला, संकष्टीचा. महिन्यातून एकदाच येते, कालनिर्णयवर लाल अक्षरात असते आणि त्याच्या घरी सगळे ती पाळतात, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. मधल्या दिवसांत आरशात फक्त भांग पाडायचा. पहिले तीन महिने फार जड गेले, म्हणाला. गाडीचा आरसा त्याने उलटा फिरवून ठेवला होता, पोलिसाने अडवलं तेव्हा सरळ केला.

गेल्या संकष्टीला सकाळी मी काही कामाने त्यांच्याकडे गेले होते. अंगणात पाटावर तो बसला होता, तोंड उन्हाकडे. बायको समोर उभी, हातात गोठ्यातली मोठी बॅटरी. "आ करा. जीभ वर. आता उजवीकडं. गाल ओढा हो नीट." तिने दोन्ही गाल, जिभेच्या दोन्ही कडा, टाळू, हिरड्या, गळ्याच्या दोन्ही बाजू क्रमाने पाहिल्या. सगळं मिळून तीन मिनिटं. मग ती आत गेली, कालनिर्णयच्या चौकोनात 'ठीक' लिहिलं आणि बॅटरी गोठ्यात खिळ्याला अडकवून आली. तो उठला, चूळ भरली, आणि मला म्हणाला, "बसा बाई, च्या ठिवतो. आमचा उपास असला तरी च्या चालतो."